आकाशातला वाहतूक नियंत्रक



आपल्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर एक खिडकी असते. तिच्यावर पाटी असते, ‘वाहतूक नियंत्रक’. बाजाराच्या दिवशी त्या खिडकीपुढे काय गर्दी असते, ते तुम्हांला मी सांगायला नको. आत बसलेला गृहस्थ गाड्यांच्या नोंदी करतो, कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागणार ते ठरवतो, एखादी गाडी वाटेत बिघडली तर दुसरीची जुळवाजुळव करतो, आणि सगळ्यांचे बोलणेही खातो. आज मी तुम्हांला याच हुद्द्याच्या, पण आकाशातल्या गाड्या सांभाळणाऱ्या माणसाची ओळख करून देणार आहे. त्यालाही म्हणतात वाहतूक नियंत्रकच. पुढे फक्त ‘हवाई’ हा शब्द लागतो.

दोघांच्या कामात साम्य पुष्कळ आहे, पण एक फरक फार मोठा आहे. फलाट रिकामा नसेल तर एसटी फाटकाबाहेर पाच मिनिटे उभी राहते. विमानाला हवेत उभे राहता येत नाही. ते घिरट्या घालू शकते, पण टाकीत तेल असेल तोवरच. म्हणून या नियंत्रकाला ‘थांबा जरा, बघून सांगतो’ असे म्हणण्याची सवड फार थोडी मिळते.

आता कोणी म्हणेल, आमच्या गावावरून विमान जाते ते पांढरी रेघ ओढत. आमचा त्याच्याशी संबंध काय? संबंध आहे. आपल्या गावातली मुले-मुली आता बी.एस्सी. होतात, इंजिनियर होतात. त्यांच्यापैकी ज्यांचे भौतिकशास्त्र आणि गणित चांगले आहे, त्यांना हा मार्ग खुला आहे, आणि पुष्कळांना तो ठाऊकच नसतो. ज्यांना ठाऊक असतो त्यांना त्याचा पगार ठाऊक असतो, त्याचे मोल ठाऊक नसते. दोन्ही बाजू समजल्या म्हणजे मग निर्णय करणे सोपे जाईल.

प्रथम हे काम सुरू कसे झाले ते पाहू. १९२९ साली अमेरिकेत सेंट लुईस शहराच्या विमानतळावर आर्ची लीग नावाचा एक माणूस नेमला गेला. त्याचे कार्यालय म्हणजे एक ढकलगाडी! ती ढकलत तो धावपट्टीच्या टोकाशी जाई. गाडीत एक खुर्ची, उन्हासाठी छत्री, पिण्याचे पाणी, दुपारची शिदोरी, टिपणवही आणि दोन निशाणे. एक निशाण दाखवले की वैमानिकाने यावे किंवा जावे, दुसरे दाखवले की थांबावे. आपल्या रानातल्या राखणदारासारखाच थाट म्हणा ना! हिवाळ्यात अंगावर जाड कपडे चढवून तो दिवसभर उघड्यावर उभा राही. पुढे निशाणांच्या जागी दिवे आले, मग रेडिओ आला, मग रडार आले. साधने बदलली, पण काम तेच राहिले: दोन विमाने एका वेळी एका जागी येऊ द्यायची नाहीत.

आज हे काम तीन ठिकाणी चालते. तिन्ही ठिकाणची हवा वेगळी आहे, म्हणून ती नीट समजून घ्या.

पहिले ठिकाण म्हणजे विमानतळावरचा मनोरा. चारी बाजूंनी काचा असलेली ही खोली उंचावर असते. इथला नियंत्रक डोळ्यांनी विमान पाहतो. कोणते विमान कोणत्या रस्त्याने धावपट्टीकडे जाईल, कोणते आधी उडेल, कोणते मग उतरेल, हे तो सांगतो. मुंबईचा मनोरा सुमारे ८४ मीटर उंच आहे. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदून जातात. त्यामुळे एका वेळी वापर एकीचाच करावा लागतो. आणि तेवढ्यावर दिवसाला नऊशेच्या वर उड्डाणे आणि अवतरणे होतात. हिशेब करून पहा: सरासरीने दर दीड-पावणेदोन मिनिटाला एक. एका अरुंद पुलावरून दोन्ही बाजूंच्या बैलगाड्या अखंड सोडाव्यात, तसे हे काम आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे आगमन-निर्गमन नियंत्रण. त्याला तिथे ‘अप्रोच’ म्हणतात. ही माणसे बहुधा खिडकी नसलेल्या, मंद उजेडाच्या खोलीत पडद्यासमोर बसतात. निरनिराळ्या दिशांनी येणारी विमाने एका ओळीत लावून धावपट्टीकडे पाठवायची, हे त्यांचे काम. गर्दी झाली तर विमानांना एका जागी घिरट्या घालायला सांगतात, एकावर एक, दर दोघांत हजार फुटांचे अंतर ठेवून. आपल्या स्वयंपाकघरातली मडक्यांची उतरंड आठवा. खालचे विमान उतरायला निघाले की वरचे एक पायरी खाली येते. फरक इतकाच की उतरंडीतले मडके वरून काढतात, इथे खालून काढतात!

तिसरे ठिकाण म्हणजे क्षेत्र नियंत्रण. विमान उंचावर गेले, मार्गाला लागले, की ते यांच्या ताब्यात येते. भारताचे आकाश चार मोठ्या विभागांत वाटले आहे: दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई. मुंबई विभागात अरबी समुद्रावरचा फार मोठा प्रदेश येतो. दूर समुद्रावर रडार पोचत नाही. तिथल्या विमानांशी लांब पल्ल्याच्या रेडिओने किंवा उपग्रहामार्फत संदेश पाठवून संपर्क ठेवतात. इथे मनोऱ्यासारखी धावपळ नसते, पण लक्ष अखंड ठेवावे लागते. रडारखाली मार्गावरच्या दोन विमानांत साधारणपणे पाच सागरी मैल, म्हणजे सुमारे नऊ किलोमीटर अंतर ठेवतात. ऐकायला पुष्कळ वाटते, नाही का? पण समोरासमोर येणारी दोन विमाने प्रत्येकी ताशी नऊशे किलोमीटरने येत असली, तर हे नऊ किलोमीटर अठरा सेकंदांत संपतात.

मग या तिघांत चांगले ठिकाण कोणते? असे सांगता येत नाही. ज्याला उघडे आभाळ, पाऊस, वारा आणि विमान डोळ्यांना दिसलेले आवडते, त्याने मनोऱ्यात रमावे. ज्याला झटपट तोंडी हिशेब करण्यात आनंद वाटतो, त्याला अप्रोच मानवते. ज्याची बैठक लांब आणि स्वभाव शांत, तो क्षेत्र नियंत्रणात टिकतो. अर्थात नेमणूक आपल्या मर्जीने मिळत नाही. शिवाय प्रत्येक जागेची पात्रता वेगळी मिळवावी लागते. मनोऱ्यात दहा वर्षे काढलेला माणूस अप्रोचच्या खुर्चीवर बसायचा तर पुन्हा शिकाऊ उमेदवार होतो. बदली होऊन नवीन विमानतळावर गेला तरी तसेच. जिथे जाईल तिथली आकाशाची वाट नव्याने पाठ करावी लागते.

आता नोकरीचे मार्ग पाहू.

आपल्या देशात मुख्य मार्ग आहे भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाचा. ही सरकारी संस्था १ एप्रिल १९९५ रोजी आधीच्या दोन संस्था एकत्र करून स्थापन झाली. ती कनिष्ठ कार्यकारी या पदासाठी वेळोवेळी जाहिरात देते. पात्रता अशी: भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी., किंवा इंजिनियरिंगची पदवी, पण तिच्या अभ्यासक्रमात हे दोन विषय असले पाहिजेत. वयोमर्यादा २७ वर्षांची आहे, राखीव वर्गांना नियमाप्रमाणे सवलत आहे. लेखी परीक्षा संगणकावर होते. पुढे आवाजाची चाचणी, मानसिक चाचणी, मादक पदार्थांची तपासणी आणि वैद्यकीय तपासणी असते. अलीकडच्या जाहिरातींत मूळ वेतनश्रेणी ४०,००० ते १,४०,००० रुपये अशी दिली होती, भत्ते निराळे. निवड झाली की प्राधिकरण स्वतःच शिकवते आणि ठराविक काळ नोकरी करण्याचा करार लिहून घेते. प्रयागराजचे प्रशिक्षण महाविद्यालय १९४८ पासूनचे. हैदराबादला एक केंद्र आहे, आणि आपल्या गोंदियाजवळ बिरसी येथेही प्राधिकरणाची प्रशिक्षण संस्था आहे.

पालकांनो, इथे एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा. या भरतीसाठी कोणत्याही खासगी वर्गाच्या प्रमाणपत्राची अट नाही. परीक्षेच्या तयारीसाठी कोणी शिकवणी लावली तर ती त्याची खुशी. पण ‘आमचा डिप्लोमा घ्या, मनोऱ्यात बसवतो’ असे सांगून कोणी लाखाची रक्कम मागू लागला, तर त्याच्यापायी जमिनीचा तुकडा गहाण टाकू नका. मनोऱ्याची वाट प्राधिकरणाच्या परीक्षेतूनच जाते.

दुसरा मार्ग सैन्यदलांचा. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा आहे. तिथे लढाऊ विमाने आणि प्रवासी विमाने एकाच धावपट्टीवरून जातात, आणि नियंत्रण हवाई दलाचे अधिकारी करतात. गोव्यात दाबोळीला हेच काम नौदलाकडे आहे. मोपाचा नवा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, तिथे मात्र प्राधिकरणाचे नियंत्रक आहेत. म्हणजे एवढ्याशा गोव्यात दोन मनोरे आणि दोन निराळ्या तऱ्हेच्या नोकऱ्या! हवाई दलात नियंत्रक हा प्रशासन शाखेचा अधिकारी असतो. तिथे जायचे तर पदवीनंतर हवाई दलाची सामायिक प्रवेश परीक्षा, मग निवड मंडळापुढची परीक्षा. अल्पकालीन नेमणूक दहा वर्षांची असते, ती चौदापर्यंत वाढू शकते. त्याच्या अंगावर गणवेश असतो आणि राहायला दलाची वसाहत. शिस्त कडक, आणि नियंत्रणाखेरीज इतर जबाबदाऱ्याही येतात. प्राधिकरणात माणूस निवृत्तीपर्यंत राहतो आणि सहायक व्यवस्थापक, व्यवस्थापक अशा पायऱ्या चढत महाव्यवस्थापकापर्यंत जाऊ शकतो. एकीकडे दहा-चौदा वर्षांनी नवी वाट शोधावी लागते, दुसरीकडे देशभर बदल्या स्वीकाराव्या लागतात. ज्याचे त्याने ठरवावे.

परदेशात कसे आहे, तेही थोडे पाहू. अमेरिकेत या नोकरीत वयाच्या ३१ व्या वर्षाआधी शिरावे लागते आणि ५६ व्या वर्षी खुर्ची सोडावी लागते. शिक्षण ओक्लाहोमा शहरातल्या सरकारी अकादमीत होते. तिथे एक मोठी घटना घडली. ऑगस्ट १९८१ मध्ये कामाचे तास, पगार आणि ताण यांबद्दल तक्रार करून हजारो नियंत्रक संपावर गेले. सरकारी नोकरांना तिथे संपाची बंदी होती. अध्यक्ष रेगन यांनी दोन दिवसांची मुदत दिली आणि कामावर न परतलेल्या अकरा हजारांहून अधिक लोकांना काढून टाकले. १९९३ पर्यंत त्यांना परत अर्जही करता येत नव्हता. नवी माणसे तयार व्हायला वर्षे लागली, कारण नियंत्रक हे पीक एका हंगामात येत नाही. अलीकडच्या काळातही तिथे माणसे अपुरी पडतात आणि अनेक ठिकाणी आठवड्याचे सहा दिवस काम करावे लागते.

स्वीडनमध्ये तर २०१५ पासून एका लहान विमानतळाचे नियंत्रण दुसऱ्या गावात बसून, कॅमेऱ्यांच्या साहाय्याने होऊ लागले. लंडनच्या सिटी विमानतळाने २०२१ मध्ये तोच मार्ग धरला. म्हणजे मनोऱ्यातला माणूस मनोरा सोडून खाली उतरू लागला आहे. पण माणूस आहेच.

आता या कामाचे मोल. ते मी तीन घटनांनी सांगतो.

पहिली घटना २७ मार्च १९७७ ची. अटलांटिक महासागरातल्या तेनेरीफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने एकाच धावपट्टीवर होती. एकाच्या वैमानिकांना वाटले, आपल्याला उडायची परवानगी मिळाली. त्यांनी कळवले ते शब्द संदिग्ध होते. नियंत्रकाने ‘ओके’ म्हटले आणि पुढे ‘थांबा’ असे सांगितले. पण त्याच क्षणी दुसरे विमान बोलले आणि आवाजात आवाज मिसळला. ५८३ माणसे गेली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द रेडिओवर फक्त प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात. एरवी ‘डिपार्चर’ म्हणतात. नियंत्रकाने सांगितलेली परवानगी, उंची, धावपट्टी वैमानिकाने परत म्हणून दाखवायची आणि ते नियंत्रकाने कान देऊन ऐकायचे, यावर कटाक्ष आला. वर्गात गुरुजी ‘म्हण पाहू परत’ म्हणतात ना, तेच!

दुसरी घटना आपल्या देशातली. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीजवळ हरियाणातल्या चरखी दादरी गावावर दोन विमाने आदळली. एक सौदी अरेबियाचे, दिल्लीहून निघालेले. त्याला चौदा हजार फुटांवर राहण्याची आज्ञा होती. दुसरे कझाकस्तानचे, दिल्लीला येणारे. त्याला पंधरा हजारांवर राहायचे होते. ते खाली आले. दोन्ही विमानांतली मिळून ३४९ माणसे गेली. चौकशीत ठपका कझाक विमानाच्या वैमानिकांवर आला; नियंत्रकाच्या आज्ञा बरोबर होत्या. पण त्या वेळच्या दिल्लीच्या रडारवर विमानाची उंची दिसतच नसे, आणि येण्याजाण्याचा मार्गही एकच होता. पुढे उंची दाखवणारे रडार आले, मार्ग वेगळे झाले, आणि विमानांत टक्करसूचक यंत्र सक्तीचे झाले.

तिसरी घटना १ जुलै २००२ च्या रात्रीची. जर्मनीतल्या यूबरलिंगेन गावावर दोन विमाने आदळून ७१ माणसे गेली; त्यांत सहलीला निघालेली बरीच शाळकरी मुले होती. त्या आकाशाची जबाबदारी स्वित्झर्लंडमधल्या झुरिक केंद्राची. तिथे त्या रात्री एकच नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता, कारण रात्री एकाने विश्रांतीला जाण्याची तिथे वहिवाटच पडली होती. दुरुस्तीसाठी धोक्याची सूचना देणारे यंत्र आणि मुख्य टेलिफोन बंद होते. त्याने एका विमानाला खाली यायला सांगितले, तर त्या विमानातले यंत्र वर जायला सांगत होते. आणि दुसरे विमान आपल्या यंत्राचे ऐकून खाली येत होते. २००४ मध्ये बायको आणि दोन्ही मुले गमावलेल्या एका बापाने त्या नियंत्रकाला त्याच्या घरी जाऊन ठार मारले. २००७ मध्ये न्यायालयाने कंपनीच्या चार अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. म्हणजे न्यायालयाने चूक पाहिली ती कामाच्या व्यवस्थेत.

म्हणूनच मी सांगतो, नोकरी पाहताना नुसता पगार पाहू नये. शेजारी दुसरा माणूस असतो का, विश्रांती मिळते का, चूक झाली तर ती सांगण्याची मुभा असते का, हेही पाहावे. आज साधारण दोन तासांनी नियंत्रकाला खुर्चीवरून उठवण्याची पद्धत आहे, ती उगीच नाही. रात्रपाळी मात्र सुटत नाही. दिवाळीची पहाट असो, घरचे लग्न असो, आकाश बंद नसते.

गुरुजनहो, आता तुमच्यापुरते दोन शब्द. आपल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. या कामाला अलंकारिक इंग्रजी लागत नाही. लागते ती ठरलेल्या शब्दांची, स्वच्छ उच्चारांची भाषा. रेडिओवर अक्षरांनासुद्धा ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ अशी नावे आहेत. नऊला ‘नाइनर’ म्हणतात, कारण खरखरीत ‘नाइन’ आणि ‘फाइव्ह’ यांचा घोटाळा होतो. अर्थात अडचणीच्या वेळी ठरलेल्या शब्दांबाहेर जाऊन बोलता आले पाहिजे, आणि त्याची आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे परीक्षा होते. तेव्हा मुलांना मोठ्याने वाचायला लावा, ऐकलेले परत म्हणायला लावा. तोंडी हिशेब सोडू नका. ताशी अमुक वेगाने निघालेल्या दोन गाड्या कुठे भेटतील, हे गणित मुलांना कंटाळवाणे वाटते ना? त्यांना सांगा, काही माणसे हेच गणित रोज करतात. फक्त त्यांना गाड्या भेटू द्यायच्या नसतात!

आणि मुलींना हे मुद्दाम सांगा. या खुर्चीला ताकद लागत नाही, चित्त ठिकाणावर लागते. देशात आज अनेक मुली हे काम करीत आहेत.

परवा रात्री अंगणात बाज टाकून पडलात आणि वर एखादा लुकलुकणारा दिवा सरकताना दिसला, तर एवढे ध्यानात आणा. त्या दिव्याशी कोणीतरी बोलत आहे. ते कोणीतरी जागे आहे, सावध आहे, आणि कदाचित आपल्यासारख्याच एखाद्या गावच्या शाळेत पाढे म्हणत मोठे झालेले आहे. नसेल, तर पुढच्या खेपेला असावे. त्यासाठीच हे सारे सांगितले.

बरे तर मंडळी, राम राम.